बुडलेले खिळे

कंपनीच्या माणसाने स्वयंपाकघरामागच्या भिंतीवर अंगठा टेकवला आणि जरासा दाबला. अंगठा आत गेला. ओल्या पावात जावा तसा, कसलाही आवाज न करता. त्याने तो बाहेर काढला, रुमालाला पुसला आणि लीटाकडे बघायचं टाळत विचारलं, "कधीपासून असं आहे?"

"झाली की काही वर्षं. आधी खालच्या कडा फुगल्या. मग रंगाला पोपडे आले. आणि गेल्या हिवाळ्यात ते आलं." लीटाने बोट दाखवलं.

खिडकीखाली, दोन फळ्यांच्या सांध्यात, तपकिरी अळंब्यांचा झुपका उगवला होता.

"भाजी करा त्यांची," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. "माफ करा हं. दिवसभर हेच बघत फिरतो, जीभ घसरते."

"शाळेच्या स्वयंपाकघरात आहे मी. पोरं अळंबीला हात लावत नाहीत," लीटा म्हणाली.

पोरगेलाच होता तो. नाव ग्रेडी. फळ्या बनवणाऱ्या कंपनीने त्याला या किनाऱ्यावरच्या तक्रारी बघायला नेमलं होतं, आणि ओरेगनच्या त्या किनाऱ्यावर आकाश वर्षातले आठ महिने गळत असल्यामुळे तक्रारींना तोटा नव्हता. त्याने चाकूने रंग खरवडला, खालचा खिळा उघडा केला आणि लीटाला जवळ बोलावलं.

"हे बघा. खिळ्याचं डोकं फळीच्या बरोबरीला थांबलं पाहिजे. वरची कातडी फुटता कामा नये. ही फळी म्हणजे काही अखंड लाकूड नाही, भुसा दाबून केलेली आहे. कातडी शाबूत तोवर सगळं ठीक. इथे डोकं बघा किती खोल बुडालंय. खिळा कसला, पावसाला दार उघडून दिलंय."

"सगळे असेच आहेत?"

तो घराला एक फेरी मारून आला. टोपीच्या टोकावरून पाणी ठिबकत होतं. "सगळे. खिळ्यांच्या बंदुकीने मारलेत ना? हवेचा दाब जास्त ठेवला की असं होतं. ठेकेदार कोण होता?"

"ठेकेदार नव्हता."

"मग मारले कुणी?"

"दातांचे डॉक्टर होते. पोस्टातला क्लार्क होता. शाळेतल्या दोन बाई होत्या. पाद्री होते." लीटा जरा थांबली. "आणि मी होते."

ग्रेडीने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग त्याने सांगायचं ते सांगितलं. फळीत दोष असता तर कंपनीने भरपाई दिली असती. खिळे चुकीचे मारलेत म्हटल्यावर कंपनीचा काही संबंध उरत नाही. ज्यांनी काम केलं त्यांच्याकडे मागावं.

"त्यांच्याकडे मागू?" लीटाला हसू आलं. "बाबा रे, त्यांनी मला हे घर फुकट दिलंय. देणगी म्हणून. आता कोर्टात उभं करू त्यांना? की तुम्ही दिलेल्या घराला भोकं आहेत म्हणून?"

गाडीत बसल्यावर ग्रेडीने काच खाली केली. "बाई, मी बोललो म्हणून कुणाला सांगू नका. पलीकडच्या गल्लीत एकाने बरोबर मारलेत खिळे. एकेक, हातोडीने. त्याच्याही फळ्या सडल्यात."

"मग त्याला काय सांगितलंत?"

"त्याला सांगितलं, रंग वेळेवर लावला नाही."

त्याची गाडी गेल्यावर लीटा बराच वेळ पावसात उभी होती. मग घरात जाऊन तिने चाळणी आणली, अळंब्या उपटल्या आणि कचऱ्यात टाकल्या.

त्या घराची गोष्ट सगळ्या हॅलोवे पॉइंट गावाला ठाऊक होती. लीटा ब्रॅनमचा नवरा रॉय डोंगरात लाकूडतोडीच्या कामावर होता. एक दिवस कापलेलं झाड भलत्याच बाजूला पडलं. त्यानंतर मायलेकी जुन्या फिरत्या घरात राहायच्या, पत्र्याच्या लांबट डब्यात, आणि एका थंडीत हीटरने पेट घेऊन तोही डबा जळाला. अंगावरच्या कपड्यांनिशी दोघी बाहेर पडल्या. लेक दार्ला तेव्हा दुसरीत होती. पुढच्या रविवारी चर्चमध्ये हार्लन व्हिटसेल उठून उभा राहिला. मोठा वक्ता वगैरे नव्हे, लाकडाच्या गिरणीतला करवतीवरचा मुकादम, डाव्या हाताची दोन बोटं गिरणीत ठेवून आलेला. तो एवढंच म्हणाला, "माझ्याकडे जमिनीचा एक तुकडा पडून आहे. तुमच्याकडे हात आहेत. घर बांधू या."

आणि बांधलं. उन्हाळ्यातल्या शनिवारी-शनिवारी गाव जमायचं. ज्या शनिवारी बाहेरच्या फळ्या ठोकायच्या होत्या, त्या दिवशी तर जत्राच होती. हार्लनने शहरातून हवा दाबणारा कॉम्प्रेसर आणि त्यावर चालणाऱ्या खिळ्यांच्या बंदुका भाड्याने आणल्या होत्या. त्याला लाकडातलं सगळं कळायचं, पण अशी बंदूक त्याने तोवर हातात धरली नव्हती. सुरुवातीला खिळे अर्धवट वर राहायला लागले. कुणीतरी म्हणालं दाब वाढव, म्हणून हार्लनने कॉम्प्रेसरची चावी फिरवली. मग काय, फट् फट् फट्, एका झटक्यात खिळा गडप! पोस्टातला क्लार्क ओरडला, "लोण्यात जातात रे लोण्यात!" बायकांनी बटाट्याचं सॅलड आणि मक्याचा पाव आणला होता. पोरं सांडलेले खिळे गोळा करत पळत होती. पाद्रीबुवांचा नेम इतका वाईट की त्यांचा एक खिळा खिडकीच्या चौकटीत शिरला, आणि लोक हसून हसून गवतावर बसले.

संध्याकाळकडे हार्लनने बंदूक लीटाच्या हातात दिली. "ये पोरी. घर तुझं आहे. ही मागची भिंत तू मार."

बंदुकीच्या धक्क्याने तिचा खांदा मागे जायचा. दोन्ही हातांनी धरून तिने स्वयंपाकघराची भिंत ठोकली आणि प्रत्येक खिळ्याला मागून टाळ्या पडल्या. रॉय गेल्यापासून ती तशी हसली नव्हती. खरं म्हणजे त्याच्या आधीही नव्हती. आपल्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस कोणता, असं तिला कुणी विचारलं असतं, तर लेकीच्या जन्माचा दिवस सोडून तिने हाच सांगितला असता.

तेच खिळे आता पाणी पीत होते.

ग्रेडी येऊन गेला त्या संध्याकाळी दार्लाचा फोन आला. ती आता पोर्टलंडला दवाखान्यात नोकरीला होती.

"हार्लनला सांगितलंस का?"

"नाही."

"मॉम, त्याने बांधलंय ते! किमान चर्चमध्ये तरी बोल. लोक येतील, काहीतरी करतील."

"कोण येईल गं? गिरणी बंद पडली. निम्मं गाव उठून गेलं. डॉक्टर वारले. उरलेत त्यांना स्वतःचे जिने चढवत नाहीत."

"मग नुसती बसून राहणार तू? भिंत अंगावर येईपर्यंत?"

"तुला काय वाटतं, मला कळत नाही? पण तो दर रविवारी घरावरून जातो, दार्ला. गाडी हळू करतो आणि बघतो."

"बघू दे की!"

"त्याची बायको नेडीन गेली. मुलगा तिकडे आयडाहोला. मागे एकदा कॉफी पिता पिता मला म्हणाला, 'लीटा, जन्मभर लाकडं चिरली मी. त्यांची पुढे घरं झाली, खोकी झाली का शवपेट्या झाल्या, देवाला ठाऊक. हे एकच घर मला माहीत आहे.' आता त्या माणसाला जाऊन सांगू, की तुम्ही चावी फिरवलीत आणि माझं घर कुजलं?"

मग दार्ला म्हणाली, "तू उपकारांखाली मरशील एक दिवस." आणि तिने फोन ठेवला.

लीटाने दुसराच उद्योग मांडला. रस्त्याकडच्या भिंतीवर छप्पर बरंच पुढे आलेलं, त्यामुळे ती बरी होती. तिच्यावरचा एकेक खिळा तिने पुट्टीने बुजवला, फुगलेल्या कडा कानशीने घासल्या आणि दर उन्हाळ्यात पिवळा रंग दिला. खिडक्यांना इस्त्रीचे पडदे लावले. बाजूच्या भिंतींपुढे झुडपं वाढवली. मागची भिंत मात्र तिने सोडून दिली. तिथे ताडपत्री टांगली आणि पुढे लाकडं रचून ठेवली. शाळेतून आल्यावर ती स्वयंपाकघरात बसायची तेव्हा भिंतीतून कुबट वास यायचा. मग ती दालचिनी उकळायला ठेवायची. आलेला पाहुणा म्हणायचा, "काय छान वास येतो गं तुझ्या घरात!"

पण गोष्ट लपवायला माणूस निर्लज्ज असावा लागतो, नाहीतर नशीबवान. लीटा दोन्ही नव्हती.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी ती शाळेतून परतली, तर हार्लनची गाडी दारात. मागच्या पायरीचा कठडा हलतो असं ती कधीतरी बोलून गेली होती. म्हातारा हातोडी घेऊन तो बसवायला आला होता. ती धावतच मागे गेली. लाकडं बाजूला सारलेली होती. ताडपत्री खाली पडली होती. हार्लन भिंतीपुढे उभा होता आणि त्याचा हात मनगटापर्यंत भिंतीत होता.

त्याने हात बाहेर काढला. मुठीत काळा, ओला लगदा होता. तो त्याने नाकाशी नेला. जन्मभर लाकडाचा वास घेतलेला माणूस, त्याला सांगायची गरज नव्हती. खिशातून चष्मा काढून तो खिळ्यांकडे बघू लागला. एक बघितला, दुसरा बघितला. बोटाने एकेका खड्ड्याची खोली चाचपत तो कोपऱ्यापर्यंत गेला.

"खिळ्यांवाटे," तो म्हणाला. "पाणी खिळ्यांवाटे गेलंय."

"ही भिंत माझी आहे, हार्लन," लीटा घाईघाईने म्हणाली. "आठवतं ना? बंदूक माझ्या हातात दिली होतीत तुम्ही. मला कुठं येत होतं? मीच घाण केली."

हार्लनने झुडपांमागची बाजूची भिंत बघितली. मग तिच्याकडे वळला.

"त्याही भिंती तूच मारल्यास?"

लीटा पडलेली ताडपत्री उचलायला वाकली.

"समोरची बुजवलीस?"

"हो."

"कधीपासून?"

"जाऊ द्या ना. आत चला, कॉफी टाकते."

"माझ्यासाठी रंग देत होतीस?" त्याचा आवाज चिरकला. "पोरी, मी इथून जाताना दर रविवारी देवाला काय सांगायचो, माहीत आहे? म्हणायचो, बाकीचं सोड, एवढं एक लिहून ठेव माझ्या नावावर."

तो कॉफीला थांबला नाही. लीटाला वाटलं, आता हा या रस्त्याने पुन्हा यायचा नाही. पण दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तर तो मागच्या अंगणात होता. गाडीच्या टपावर देवदाराच्या खऱ्या फळ्या बांधलेल्या. बंदूक नाही, कॉम्प्रेसर नाही. एक हातोडी, एक पहार, एक बादली.

"हार्लन, पाऊस लागलाय. या वयात हे काय!"

"तू फळी धर. बडबड करू नकोस."

ती रोज शाळा सुटल्यावर एप्रन न सोडताच फळ्या धरायला उभी राहायची. हार्लन सडलेल्या फळ्या उपटायचा. त्या उपटायलाही जोर लागत नसे, हाताने सोलून निघायच्या. नवा पाद्री एकदा येऊन दोन तास राबला आणि पाठ धरून गेला. हार्लन आणि लीटा, दोघांनाही माहीत होतं की फळ्यांच्या आत काय निघेल. पण दोघांनी ते तोंडातून काढलं नाही. फळी निघाली, तिच्यामागचा कागद निघाला आणि त्यामागचे उभे वासे दिसले. ते बुडापासून कमरेपर्यंत काळे पडले होते.

हार्लन म्हणाला, "वर चांगलं असेल. वर मारू."

त्याने देवदाराची, आधीच भोकं पाडून आणलेली पहिली फळी लावली. लीटाने ती दोन्ही तळव्यांनी दाबून धरली. त्याने खिळा टेकवला आणि हातोडी उचलली. पहिल्याच ठोक्याला खिळा सगळा आत गेला. त्याने शेजारी दुसरा लावला. तोही तसाच गेला. तिसरा त्याने ठोकलाच नाही. नुसता अंगठ्याने रेटला आणि तो फळीच्या भोकातून मागच्या वाशात सुईसारखा शिरला. हार्लनने फळी सोड म्हणून खूण केली. लीटाने हात काढले. फळी सावकाश पुढे झुकली आणि तिन्ही खिळ्यांसकट चिखलात पडली.

"धरत नाही," हार्लन म्हणाला.

"जरा डावीकडे बघू?"

"लीटा, धरायला आत काही राहिलंच नाहीये."

तो उलट्या बादलीवर बसला. पाऊस बारीक पडत होता. मग त्याने विचारलं, "त्या दिवशी दाब वाढवा असं कोण म्हणालं होतं गं?"

लीटाला ते पक्कं आठवत होतं. तीच म्हणाली होती. लिंबूपाण्याचा जग घेऊन ती कॉम्प्रेसरशेजारी उभी होती. वर राहिलेले खिळे पुन्हा हातोडीने ठोकताना लोकांचे हाल होत होते, ते बघून ती सहज म्हणाली होती, वाढवता येत नाही का तो दाब? तेवढं बोलणं ती आजवर विसरू शकली नव्हती.

"मीच म्हणाले होते," ती म्हणाली.

हार्लन कसंनुसं हसला. "तू ना, कुणालाच काही लागू देणार नाहीस. पुरे आता. एकदा खोटं बोललीस तेवढं पुरे."

ज्या एका खऱ्या गोष्टीने त्याचं ओझं थोडं हलकं झालं असतं, तीच त्याला खोटी वाटली होती.

त्या हिवाळ्यात हार्लनच्या छातीत कफ झाला. मुलगा नील येऊन त्याला आयडाहोला घेऊन गेला. जाताना म्हातारा गाडीच्या काचेतून काहीतरी म्हणाला, ते तिला ऐकू आलं नाही. तिने नुसती मान हलवली.

जानेवारीच्या वादळात लीटाच्या स्वयंपाकघराची जमीन एका बाजूला खचली. कौंटीच्या सरकारी कचेरीचा माणूस येऊन बघून गेला आणि इथे राहायचं नाही म्हणाला. वाईट माणूस नव्हता. सामान हलवायला त्याने हातही लावला. लीटाने गावातल्या लाँड्रीच्या वरची एक खोली घेतली. खाली कपडे वाळवायची यंत्रं दिवसभर फिरायची, त्यामुळे खोली कोरडी ठणठणीत असे. दार्ला म्हणाली, माझ्याकडे ये. लीटा म्हणाली, शाळेत माझ्याशिवाय मॅकरोनी कोण करणार? रविवारी ती चर्चला जायची तेव्हा लोक तिला थंडीबद्दल विचारायचे, गुडघ्यांबद्दल विचारायचे. घराबद्दल कुणी विचारत नसे. गाव लहान होतं. सगळ्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यातल्या काहींनी त्या शनिवारी आपल्या हातांनी ती बंदूक चालवली होती.

हार्लन एप्रिलमध्ये गेला. नेडीनशेजारी पुरायला त्याला परत आणलं. पाद्रीने त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं ठरवलं, आणि हार्लनबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे एकच गोष्ट होती. "एका विधवेसाठी त्याने या गावाला एकत्र आणलं," पाद्री म्हणाला, आणि इथे तो अडखळला. बाकांवर कुणी कुणाकडे बघेना. पोस्टातला क्लार्क आपल्या बुटांकडे बघत बसला.

लीटा उभी राहिली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"माझी मुलगी त्या घरात मोठी झाली," ती म्हणाली. "तिथे तिने पहिल्यांदा स्वतःच्या खोलीचं दार लावून घेतलं. माझ्यावर रुसून. लावून घ्यायला तिला दार होतं." तिला आणखी बोलायचं होतं. पण ती खाली बसली.

जेवणं झाल्यावर नील तिच्यापाशी आला. बापासारखाच रुंद, लाजरा माणूस. "शेवटी शेवटी बाबांना कुणी ओळखू येत नव्हतं," तो म्हणाला. "मलाही. पण तुमच्या घराचं रोज सांगायचे. कुणी सॅलड आणलं, कुणी खिळा खिडकीत मारला. म्हणायचे, अजून तस्संच उभं आहे. चला ना, तुम्हाला घरी सोडतो. मलाही एकदा बघायचंय."

आजूबाजूच्या दोन-तीन बायका बोलता बोलता गप्प झाल्या. लीटाने कोट चढवला. "चला," ती म्हणाली.

वळण घेतल्यावर घर दिसलं. पुढची भिंत पिवळी, खिडक्यांना पडदे. कौंटीने दारावर चिकटवलेला, राहायला मनाई करणारा कागद वादळवाऱ्याने केव्हाच उडवून नेला होता. बाजूची झुडपं पावसाने माजली होती. नीलने गाडी थांबवली आणि काचेतून बघत राहिला.

"छान ठेवलंय तुम्ही," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आत येऊ का मिनिटभर?"

"आज नको हो. आत सगळा पसारा आहे. मलाच लाज वाटेल."

"बरं बरं. पुढच्या वेळी येईन."

"या ना. नक्की या."

ती उतरली. चर्चचे चांगले बूट सांभाळत पायवाटेने गेली, पायऱ्या चढली आणि दारापुढे उभी राहून वळली. नील काही गाडी हलवेना. बाईमाणूस आत जाईपर्यंत थांबायची त्याच्या बापाने लावलेली सवय. लीटाने हात हलवून त्याला जा, जा म्हणून खुणावलं. गाडी निघाली आणि वळणाआड गेली.

आवाज पुरता विरेपर्यंत ती दाराशीच थांबली. मग पायऱ्या उतरून रस्त्याला लागली आणि कोटाची कॉलर वर करून कडेकडेने गावाकडे चालू लागली.